चार यार्ड आणि एक खांदा

अमेरिकन फुटबॉलची मॅच संपली की तिचं फुटेज आमच्याकडे पुण्यात येतं. दोन कॅमेरे, एक साइडलाइनवरून उंचावरचा आणि एक गोलपोस्टच्या मागचा, आणि दोन्हीत बावीसच्या बावीस प्लेयर दिसतात, टीव्हीवर दिसत नाहीत तसे. मग प्रत्येक प्लेला कोण कुठे उभा होता, कोणाला अडवलं, कुठे पळाला हे आम्ही शीटमध्ये भरतो. लोकांना वाटतं मज्जा आहे, रात्रभर मॅच बघायची नि पगार घ्यायचा. मॅच बघायला मिळतच नाही हो. सहा सेकंदांचा तुकडा पुढे-मागे, पुढे-मागे, आणि बॉल कुठे गेला ते आम्ही सगळ्यात शेवटी बघतो.

माझ्याकडे टाइट एंड या पोझिशनचे प्लेयर असतात. टेलर स्विफ्टमुळे ट्रॅव्हिस केल्सी माझ्या मामेबहिणीलापण माहितीये, त्यामुळे आता समजावणं सोपं झालंय. लाइनच्या टोकाला टॅकल म्हणून एक धिप्पाड माणूस असतो, त्याच्या खांद्याला खांदा लावून हा उभा. एका प्लेला त्याने समोरच्या टीमच्या सव्वाशे किलोच्या डिफेन्सिव्ह एंडला ढकलायचं, पुढच्या प्लेला त्याच माणसाला चुकवून पळत जाऊन कॅच घ्यायचा. ट्रेनिंगमध्ये आम्हाला सांगितलं होतं की ऑलराउंडर समजा. मला ते तेव्हाही पटलं नाही. ऑलराउंडरच्या रन्सपण लिहितात आणि विकेट्सपण. टाइट एंडचा कॅच स्कोअरकार्डावर येतो, ब्लॉक, म्हणजे समोरच्याला अडवणं, येत नाही. त्याने कोपरा मोकळा करून दिला आणि बॉल घेऊन पळणारा रनिंग बॅक बारा यार्ड पळाला तर ते बारा यार्ड रनिंग बॅकचे. हा कुठे दिसतो, तर आमच्यासारख्यांच्या शीटमध्ये, बास.

आता यात पैसा कुठे येतो? २०१४ ला न्यू ऑर्लिन्स सेंट्स या टीमने त्यांच्या जिमी ग्रॅहम या टाइट एंडला फ्रँचायझी टॅग लावला. म्हणजे प्लेयर एक वर्ष टीमकडेच राहणार आणि पगार त्याच्या पोझिशनच्या ठरलेल्या रेटने मिळणार. टाइट एंडचा रेट साधारण ७० लाख डॉलर, वाइड रिसीव्हरचा, म्हणजे लांब बाहेर उभा राहून मुख्यतः कॅच घेणाऱ्याचा, १ कोटी २३ लाख. आदल्या सीझनला ग्रॅहमने १६ टचडाउन कॅच केले होते, लीगमध्ये सगळ्यात जास्त, आणि बहुतेक स्नॅपला, म्हणजे बॉल मागे देऊन प्ले सुरू होतो तेव्हा, तो टॅकलला चिकटून नव्हताच, स्लॉटमध्ये (टॅकल आणि बाहेरचा रिसीव्हर यांच्या मधल्या जागेत) नाहीतर पार बाहेर उभा असायचा. तो म्हणाला मला रिसीव्हर धरा. प्रकरण आर्बिट्रेटरकडे गेलं, स्टीफन बरबँक, लॉ प्रोफेसर, आणि त्यांनी जुलैत निकाल दिला की हा टाइट एंडच. त्यात मुद्दा असा होता की स्लॉटमध्ये असला तरी टॅकलपासून चार यार्डांच्या आत उभा असेल तर ती टाइट एंडचीच जागा. ट्विटरवर त्याने स्वतःला टाइट एंड लिहिलं होतं तेसुद्धा निकालात आलं! मग त्याच महिन्यात त्याने चार वर्षांचं ४ कोटी डॉलरचं काँट्रॅक्ट केलं, पण तो मुद्दा राहिला. नवीन पोरांना मी हीच गोष्ट सांगते, अर्धा यार्ड इकडे-तिकडे भरलात तर काय होतं म्हणून.

ते चार यार्ड मोजायचे कसे याचा मला गर्व आहे, आधीच सांगते. साइडलाइनच्या कॅमेऱ्यात आडवं अंतर दबून दिसतं, तिथे मोजणारा हमखास फसतो. गोलपोस्टमागचा अँगल घ्यायचा, बॉल ज्या यार्डवर आहे तिथल्याच दोन हॅशच्या, म्हणजे मैदानावर आखलेल्या छोट्या रेघांच्या, खुणा पकडायच्या, त्यांच्यातलं अंतर १८ फूट ६ इंच, म्हणजे सहा यार्ड आणि वर थोडं. ती झाली तुमची पट्टी. मागच्या-पुढच्या यार्डवरची हॅश घेतली तर पर्स्पेक्टिव्हमध्ये गडबड होते. क्लायंटच्या टूलमध्ये ऑटो मेजर आहे, पावसाच्या मॅचमध्ये खुणा पुसट झाल्या की ते काहीही दाखवतं, आणि तरी दर तीन महिन्यांनी कोणीतरी वरून सांगतं की आता तुमची गरज राहणार नाही.

तर सीझन संपल्यावर एक तिकीट, म्हणजे क्लायंटचं काम, आलं. एकाच टाइट एंडचा अख्खा सीझन, प्रत्येक स्नॅप, अलाइनमेंट, म्हणजे तो कुठे उभा होता ते, परत तपासा, अर्ध्या यार्डापर्यंत. कारण दिलेलं नव्हतं, कधीच देत नाहीत. काँट्रॅक्ट संपत आलेला प्लेयर, बाकी तुम्ही समजा. नाव मी लिहिणार नाही, फार मोठं नावही नाही.

आम्ही एरवी मॅच करतो, माणूस नाही. एकच माणूस सलग बघितला की भलतंच दिसायला लागतं. हा गडी सुरुवातीच्या मॅचमध्ये उजव्या बाजूला टॅकलला चिकटून, उजवा हात जमिनीवर, पहिलं पाऊल असं टाकायचा की समोरच्याला आत यायला जागाच नाही. ऑक्टोबरच्या एका मॅचपासून त्याच जागेवर डावा हात जमिनीवर. मग हात टेकणंच बंद, उभाच राहायला लागला. पळायच्या आधी रशरला, म्हणजे आत घुसणाऱ्या डिफेन्सच्या माणसाला, खांद्याने धक्का द्यायचा असतो, चिप म्हणतो आम्ही, त्यात हा आता नुसता घासून जायचा. इंज्युरी रिपोर्टात 'शोल्डर' एकदा आलं, प्रॅक्टिस पूर्ण केली असं, पुढे गायब. ग्रॅहमचा पॅटेलर टेंडन २०१५ ला सिअ‍ॅटलकडून खेळताना फाटला तो सगळ्या जगाने बघितला, असला खांदा कोण बघतं.

आणि मग कोचने त्याला लाइनवरून काढून बाहेर उभं करायला सुरुवात केली. चार यार्ड, पाच यार्ड, सहा. साहजिक आहे, ब्लॉक टिकत नव्हता. पण शीटमध्ये काय दिसतं? सीझनच्या उत्तरार्धात स्लॉटचे स्नॅप वाढले, म्हणजे हा रिसीव्हिंग टाइट एंड झाला. मार्केटमध्ये महाग असतो तो प्रकार. दुखरा माणूस कागदावर प्रमोशन घेऊन बसला!

मी कॉमेंटमध्ये लिहिलं, या मॅचपासून जमिनीवरचा हात बदलला आहे, चिपमध्ये संपर्क कमी. दुखापत हा शब्द मी लिहिला नाही, तो माझा अधिकार नाही. जे दिसलं तेवढंच. आमच्या लीड मॅडमनी ते उडवलं. म्हणाल्या, "तो कुठे उभा होता याचे पैसे मिळतात आपल्याला, का उभा होता याचे नाही." मी म्हटलं मॅडम, हात कुठला टेकला तेसुद्धा कुठे उभा होता यातच येतं ना. त्यांनी शांतपणे सांगितलं की तसा कॉलम नाहीये. मॅडम वाईट नाहीत, पण कॉलम नसलेली गोष्ट त्यांना दिसतच नाही, आणि म्हणूनच त्या लीड आहेत आणि मी नाही.

रिपोर्ट गेला. क्लायंटकडून उत्तर आलं, उत्तम काम, एकही तफावत नाही. ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी.

मार्चमध्ये त्याला दुसऱ्या टीमने घेतलं, आधीपेक्षा बरे पैसे. आमच्या शीटमुळे की कशामुळे, कळायला मार्ग नाही, आणि तिकीट टीमकडून होतं की त्याच्या एजंटकडून तेही नाही. शेजारच्या डेस्कवरचा सांगलीचा पोरगा म्हणतो, "ताई, तुमची कॉमेंट गेली असती तर गड्याचे पैसे बुडाले असते, उडाली तेच बरं झालं." बरोबर आहे त्याचं. पण ज्या कोचला आता वाटतंय की आपण धडधाकट रिसीव्हर आणलाय, तो याला पहिल्याच मॅचला सव्वाशे किलोच्या माणसासमोर परत उभा करणारच की, आणि त्याच उजव्या खांद्यावर. हे मी त्या पोराला सांगितलं तर तो म्हणाला मग त्याने स्वतःच सांगावं ना डॉक्टरला. हेही बरोबर आहे. मला त्याचं खोडता येत नाही आणि पटतही नाही.