पोर्तुगीज येण्याआधी तिथे काय होतं?

पूर्व आफ्रिकेच्या इतिहासाबद्दल बोलायला लागले की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्यांना मी दोष देत नाही. शाळेच्या पुस्तकात आफ्रिका भेटते ती वास्को द गामाच्या वाटेवरचा किनारा म्हणूनच.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. किलवा होतं. आजच्या टांझानियाच्या दक्षिण किनाऱ्याला लागून असलेलं एक छोटं बेट. तिथे सोन्याची खाण नव्हती, तरी ते सोन्यावर श्रीमंत झालं, आणि ते वाऱ्यामुळे. हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की अरबस्तानची, गुजरातची गलबतं आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली उतरत आणि एप्रिलनंतर वारा फिरला की परतत. एकाच मोसमात जाऊन यायचं तर किलवाच्या फार पुढे जाता येत नसे. सोनं मात्र निघायचं आणखी दक्षिणेच्या सोफाला बंदरातून. हा मधला टप्पा किलवाच्या स्वाहिली (पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मुसलमान) व्यापाऱ्यांनी धरून ठेवला. खंबायतचं कापड आणि काचमणी खाली जात, सोनं आणि हस्तिदंत वर येई, आणि जकात किलवाच्या सुलतानाला मिळे.

१३३१ साली मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता तिथे गेला आणि अत्यंत सुंदर शहरांत त्याने किलवाची गणना केली. तिथला सुलतान दानशूर म्हणून प्रसिद्ध होता. एका येमेनी फकिराने त्याच्या अंगावरचे कपडे मागितले. सुलतानाने खरोखरच उतरवून दिले. मुलाने ते परत मिळवले, बदल्यात फकिराला दहा गुलाम दिले. लोक खूश झालेले पाहून सुलतानाने वर आणखी दहा गुलाम आणि दोन ओझी हस्तिदंत दिलं. औदार्याची म्हणून सांगितलेली ही गोष्ट वाचताना मी दर वेळी त्या वीस माणसांपाशी थांबते. किलवाचं वैभव सांगायचं तर तीही सांगायलाच हवीत.

सोनं यायचं ते आतल्या पठारावरून. तिथे शोना लोकांच्या पूर्वजांनी ग्रेट झिंबाब्वे हे दगडी शहर उभारलं: चुन्याशिवाय नुसत्या दगडावर दगड रचलेली, काही ठिकाणी अकरा मीटर उंच भिंत. समुद्रापासून इतक्या आत किलवाचं एक नाणं आणि चिनी भांड्यांचे तुकडे सापडले आहेत. तरीही ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेच्या, तेव्हाच्या गोऱ्या सरकारला हे बांधकाम आफ्रिकी लोकांचं आहे असं छापलेलं चालत नसे.

जुलै १५०५ मध्ये फ्रान्सिस्कु द आल्मेदाच्या आरमाराने किलवा लुटलं. तिथून तो हिंदुस्थानात आला आणि पोर्तुगिजांचा पहिला व्हाइसरॉय झाला. तीन वर्षांनी त्याचा मुलगा लोरेन्सु चौलच्या लढाईत मारला गेला. चौलची ती लढाई आपल्याकडे अनेकांना ठाऊक असते. ती सांगताना आल्मेदा वाटेत कोणतं शहर लुटून आला होता, तेही सांगत जावं असं मला मनापासून वाटतं.