छातीला स्टेथो लावला म्हणून

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ वॉर्डात का येते, हे नातेवाइकांना सहसा कळत नाही. त्यांना वाटतं, सही घ्यायला आल्या असतील. सात वर्षांच्या मुलाला मी आधी 'आ' करायला लावते. या वयात दुधाचे दात हलत असतात, आणि नळी घालताना निसटलेला दात सरळ श्वासनलिकेत जाऊ शकतो. मग मान, हाताच्या शिरा, सर्दी-पडसं. छाती सगळ्यात शेवटी, कारण थंड स्टेथोस्कोप लागला की मूल रडतं, आणि रडणाऱ्या मुलाच्या छातीतलं काही ऐकू येत नाही.

त्या मंगळवारी माझ्यापुढे होता तो सांगोल्याकडचा मुलगा. वजन १७ किलो. तीन महिने डोकं दुखतंय, सकाळी उठल्या-उठल्या उलटी. शाळेत बाईंनी सांगितलं की याचं अक्षर बिघडलं. घरच्यांनी पित्ताची गोळी, जंताचं औषध, चष्मा असं सगळं करून पाहिलं. उजवा पाय ओढायला लागला तेव्हा कुणीतरी सीटी स्कॅन करायला लावला. मेंदूच्या डाव्या बाजूला नऊ सेंटिमीटरची पाण्याची गाठ. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, 'अरॅक्नॉइड सिस्ट'.

ही गाठ मुलांमध्ये आम्ही अधूनमधून बघतो. मेंदूवरच्या पातळ आवरणात जन्मापासून साठलेलं पाणी असतं. त्रास होत असेल तर दुर्बिणीतून तिला भोक पाडायचं आणि पाण्याला वाट करून द्यायची. बुधवारच्या यादीत तिसरा नंबर, दीड तासाचं काम.

केसपेपरवर शिकाऊ डॉक्टरांनी 'छाती स्वच्छ' असं लिहून ठेवलं होतं. हे दोन शब्द मी हजार वेळा वाचले असतील. छातीला हात न लावता लिहिलेले किती, ते अक्षरावरूनही ओळखू येतं, आणि याचा मला मनापासून संताप आहे. मी मुलाला आजीच्या मांडीवर बसवलं, सदरा वर केला आणि पाठीला स्टेथो लावला. उजवीकडे खाली श्वास ऐकूच येत नव्हता. बोटानं ठोकून पाहिलं तर भरलेल्या माठासारखा बद्द आवाज.

टीबी असेल, पाणी झालं असेल, हेच आधी मनात आलं. आमच्याकडे छातीत काही निघालं की पहिला संशय टीबीचा. मुलांच्या प्रत्येक ऑपरेशनआधी आम्ही एक्स-रे काढत नाही, म्हणून याचाही काढलेला नव्हता. रात्री साडेआठला काढून घेतला. उजव्या फुफ्फुसात चेंडू ठेवावा तशी गोल, कडा रेखीव असलेली सावली.

मेंदूत एक गोल आणि फुफ्फुसात एक गोल. मी परत वॉर्डात गेले.

"आजी, घरी मेंढरं आहेत का?"

"मेंढरंच हायत की बाई. दुसरं काय हाय आमच्याकडं?"

"आणि कुत्री?"

"तीन. ह्यो तर त्यांच्यातच निजतोय."

हायडॅटिड. एकिनोकॉकस नावाचा, जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीचा फीतकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, पाण्यात, कुत्र्याच्या केसांवर येतात. मेंढरू ती गवताबरोबर खातं आणि त्याच्या यकृतात-फुफ्फुसात पाण्याच्या गाठी होतात. ते अवयव कुत्र्यानं खाल्ले की चक्र पूर्ण. माणसाचं पोर मध्येच सापडतं, कुत्र्याला कुरवाळून तोच हात तोंडात घालतं. आतड्यातून निघालेला गर्भ बहुतेक वेळा यकृताच्या चाळणीत अडकतो. तिथून सुटला तर फुफ्फुसाच्या. दोन्ही चाळण्या चुकवून मेंदूपर्यंत पोचणारे अगदी थोडे, शंभरात एक-दोन. आणि मेंदूत सापडतात त्यातली निम्म्याहून जास्त मुलं असतात. मेंदूत किडा म्हटलं की लोक कोबीला दोष देतात. पण तो आजार वेगळा, डुकराच्या फीतकृमीचा, आणि इथे त्याचा काही संबंध नव्हता.

मी हे सगळं का सांगते आहे? भोक पाडण्याचं जे ऑपरेशन ठरलं होतं, ते हायडॅटिडमध्ये करायचं नसतंच. गाठीतल्या पाण्यात त्या कृमीची असंख्य सूक्ष्म डोकी असतात. पाणी मेंदूवर सांडलं तर एकेका डोक्याची पुढे नवी गाठ होऊ शकते. आणि शरीरानं त्या पाण्याला तीव्र ॲलर्जी दाखवली तर मूल टेबलावरच कोसळतं.

न्यूरोसर्जनना रात्री दहाला फोन केला. वयानं माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पण मी त्यांना सरच म्हणते. ते आले, एमआरआयच्या फिल्म पुन्हा उजेडात धरल्या आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. गाठ मेंदूच्या बाहेर नव्हती, आत होती. कंपासनं काढावी इतकी गोल, भोवती सूज नाही आणि काठाला एक बारीक काळी रेघ. "मॅडम, हे मला दिसायला हवं होतं," एवढंच म्हणाले आणि उद्याची केस रद्द केली. एवढं सरळ बोलणारे सर्जन मी फार पाहिलेले नाहीत.

रिपोर्ट देणाऱ्याला दोष देऊन मी मोकळी होणार नाही. त्याच्यापुढे फक्त चित्रं होती. फॉर्मवर आम्ही लिहिलं होतं, 'डोकेदुखी, उलट्या'. मूल कुठल्या घरातलं, घरात कोणती जनावरं, याला फॉर्मवर जागाच नाही. जागा आहे ती सरकारी आरोग्य योजनेच्या कोडला. मंजुरी दुर्बिणीच्या ऑपरेशनची आली होती. कवटी उघडायची तर नवा अर्ज, नवे फोटो, नवी मंजुरी. मुलाच्या डोळ्यांचे पडदे दाबानं सुजलेले आणि आम्ही दोन दिवस स्क्रीनकडे बघत बसलो. पोटाची सोनोग्राफी तेवढी त्या वेळात झाली. यकृत मोकळं होतं.

खरा पेच त्यापुढचा होता, आणि तो माझा होता.

मेंदूतली हायडॅटिड गाठ न फोडता अख्खी बाहेर काढायची पद्धत अर्जेंटिनातल्या डाऊलिंग यांनी १९२९ साली सांगितली. ती आजही जवळपास तशीच करतात. हाड मोठं उघडायचं, डोकं असं वळवायचं की गाठ स्वतःच्या वजनानं खाली यावी, आणि गाठ व मेंदू यांच्यामध्ये मऊ रबरी नळीनं कोमट सलाइन सोडत राहायचं. पाणीच गाठ सुटी करतं. चिमटा लावायचा नाही, गाठीजवळ सक्शन नाही, विजेनं जाळणारी कॉटरी नाही. याला भूलतज्ज्ञाची मदत लागते. आम्ही फुफ्फुसात हवा दाबून धरतो, डोक्यातला दाब वाढतो आणि मेंदू आतून गाठीला ढकलतो. पण या मुलाच्या फुफ्फुसात दुसरी गाठ होती. हवा दाबली असती तर तीच फुटली असती. आधी छातीचं करावं, तर डोक्यातला दाब तेवढं थांबू देणारा नव्हता.

शुक्रवारी सकाळी केस घेतली. नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू वापरला नाही. श्वास छोटे दिले, दाब १५ च्या वर जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं. धमनीत सुई घालून बीपी सतत पडद्यावर ठेवलं. ॲलर्जीनं कोसळलेलं बीपी सावरणारं ॲड्रेनालिन पातळ करून तीन सिरिंजमध्ये भरलं, प्रत्येकीवर लाल पट्टी, आणि उजव्या हाताशी ठेवलं. सर्जनना आधीच सांगितलं, "सर, आज 'फुगवा' म्हणायचं नाही."

हाड निघालं. आतून ते कागदासारखं पातळ झालं होतं. आवरण उघडलं तसा मेंदूचा एक विरळ थर आणि त्याखाली निळसर पांढरा घुमट. भोवती तीन टक्के सलाइनमध्ये भिजवलेले कापसाचे तुकडे. नळी आत सरकली, पाणी सुरू झालं. थिएटरमध्ये फक्त मॉनिटरची टिकटिक. गाठ निम्मी बाहेर आली आणि अडकली.

सरांनी मान वर केली. शब्द पाळला, बोलले नाहीत, पण बघितलं माझ्याकडेच.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या ऑपरेशनमध्ये ट्यूमर खाली उतरावा म्हणून आम्ही रक्तातला कार्बन डायऑक्साइड थोडा वाढू देतो. त्यानं मेंदूच्या रक्तवाहिन्या पसरतात आणि मेंदू हलकेच फुगतो. फुफ्फुसावर दाब द्यावा लागत नाही. उलट श्वास कमी केले की झालं. मी मिनिटाचे श्वास २२ वरून १४ वर आणले आणि टेबल डोक्याकडून आणखी थोडं खाली केलं. कार्बन डायऑक्साइडचा आकडा ३३ होता. ३६ झाला. ३९. "थांबा सर, अजून थोडं." ४३ ला गाठ हलली. सर नळीतून पाणी सोडत राहिले, दोन्ही हात खाली ओंजळीसारखे, आणि सिस्टरनी सलाइन भरलेला वाडगा पुढे केला. कवच काढलेल्या अंड्यासारखी मऊ, थरथरती गाठ त्यात अलगद उतरली. अख्खी. त्या वाडग्याकडे बघायला मला वेळ नव्हता, श्वास परत २२ वर न्यायचे होते. लाल पट्टीच्या तिन्ही सिरिंज तशाच राहिल्या.

संध्याकाळी त्यानं उजव्या हातानं माझं बोट धरलं. पकड ढिली होती, पण होती.

बाहेर त्याच्या आजोबांना, आबांना, गाठ बरणीत दाखवली. फेटा सावरत त्यांनी बरणी फिरवून पाहिली.

"ही पिशवी आमच्या मेंढरात असती की, बाई. जत्रंला बकरं कापलं की काळजाला, फोप्साला निघती. लई बघितल्यात."

"मग तिचं काय करता, आबा?"

"टाकतो कुत्र्याफुडं."

मग त्यांनी बरणी खाली ठेवली आणि नातवाच्या खाटेकडे पाहत राहिले. आमच्यातल्या कुणालाही तीन महिन्यांत जे सुचलं नाही, ते या माणसाला वर्षानुवर्षं नजरेनं माहीत होतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मी त्यांना सांगितलं, ते अवयव खोल पुरा नाहीतर शिजवा, कुत्र्यांना जनावरांच्या डॉक्टरांकडून जंताचं औषध नियमानं द्या. त्यांनी मान हलवली.

तीन आठवड्यांनी छातीची गाठ काढली. तोवर अल्बेंडाझोल हे कृमीवरचं औषध दिलं नाही, कारण औषधानं फुफ्फुसातल्या गाठीचं कवच मऊ पडून ती फुटण्याची भीती असते. आता चालू आहे, दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर. स्निग्ध खाण्याबरोबर ते जास्त शोषलं जातं, म्हणून आजी भातावर तूप घालतात. पाय अजून थोडा ओढतो. धाकट्या बहिणीची सोनोग्राफी केली, काही निघालं नाही.

पण माझं मन त्या केसवरून निघत नाही. त्या आठवड्यात घरी जाऊन मी माझ्या जुन्या वह्या काढल्या. दिलेल्या प्रत्येक भुलीची नोंद मी हातानं ठेवते. मेंदूच्या 'अरॅक्नॉइड सिस्ट'ची मुलं शोधली. एक पान अकरा वर्षांपूर्वीचं, दुसऱ्या एका हॉस्पिटलातलं. मुलगी, ५ वर्षं, गाव मंगळवेढा तालुक्यातलं. 'सिस्ट उघडल्यावर बीपी ५०. अंगावर लाली. ॲड्रेनालिन दोनदा. २५ मिनिटांनी स्थिर.' पुढे माझ्याच अक्षरात, 'रक्तस्राव?' आणि शेवटच्या रकान्यात एकूण रक्तस्राव, ४० मिली.

पाच वर्षांच्या मुलीचं बीपी ४० मिलीनं असं पडत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. पाणी तपासायला पाठवल्याची नोंद नाही. घरी मेंढरं आहेत का, असं मी विचारल्याचीही नाही.

त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन आले. इतके जुने कागद ते ठेवत नाहीत. वहीतला फोन नंबर आता दुसऱ्याच कुणाकडे आहे. गावातल्या आशाताईंना मुलीचं आणि वडलांचं नाव कळवलंय. त्या म्हणाल्या, आडनावाची चार घरं आहेत, विचारून सांगते. ती आता सोळा वर्षांची असेल.