फाट्यावरचा स्टेंट आणि त्यानंतरचे महिने

अँजिओप्लास्टीनंतर कॅथ लॅबच्या दाराशी थांबलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुधा "ब्लॉकेज निघाले ना?" असाच असतो. वास्तविक ब्लॉकेज निघत नाही. फुग्याच्या दाबाने ते बाजूच्या भिंतीत दाबले जाते आणि वाहिनी पुन्हा आकसू नये म्हणून स्टेंटची जाळी तेथे कायमची ठेवली जाते. या सगळ्यात वाहिनीचे आतील नाजूक अस्तर खरवडले जाते आणि उघड्या धातूवर रक्तातील प्लेटलेट, म्हणजे गुठळी धरणाऱ्या बारीक पेशी, जमू पाहतात. त्या जाळीवर शरीर नवे अस्तर धरेपर्यंत उपचार पुरा झाला असे मला म्हणवत नाही. मी नाशिकमधील एका रुग्णालयाच्या कॅथ लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम करते, आणि ज्या रुग्णाचा स्टेंट धमनीच्या फाट्यावर, म्हणजे तिला शाखा फुटते त्या जागी, बसला आहे, त्याच्या पुढच्या काही महिन्यांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते.

असे रुग्ण थोडे नाहीत. दर पाच-सहा अँजिओप्लास्टींमागे साधारण एक फाट्यावरची असते. हृदयाच्या पुढच्या बाजूने उतरणारी एलएडी ही धमनी आणि तिची डायगोनल शाखा ही नेहमीची जागा. लेफ्ट मेन, म्हणजे हृदयाची डावी मुख्य धमनी, जेथे दुभंगते, ती सर्वांत जोखमीची. फाट्यावरच चरबी का साठते, हे दिंडोरी-निफाडकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. पाटाला जेथे चारी फुटते, तेथे मधल्या टोकावर पाणी जोराने आदळून ते धुऊन निघते, तर समोरच्या काठाशी पाणी मंदावते आणि गाळ तेथे बसतो. धमनीतही चरबीचा थर मुख्यतः दुभाजकासमोरच्या, म्हणजे या मधल्या टोकासमोरच्या, बाहेरील भिंतींवर धरतो.

स्टेंट बसल्यानंतर हीच विषमता जखम भरण्याच्या कामी आडवी येते. बाहेरच्या भिंतीशी प्रवाह मंद असल्याने तेथे नव्या पेशी भराभर वाढतात, कधी गरजेपेक्षा अधिक, आणि शाखेचे तोंड पुन्हा अरुंद होते. दुभाजकावर मात्र रक्ताचा वेगवान घासता प्रवाह पेशींची वाढ रोखून धरतो. त्यात स्टेंटवरील सिरोलिमस किंवा एव्हेरोलिमससारखे औषधही पेशींची वाढ थांबवण्यासाठीच असल्याने तेथील धातू दीर्घकाळ उघडा राहू शकतो. अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ रेणू विरमाणी यांच्या गटाने मृत्यूनंतर तपासलेल्या धमन्यांवरून २०१० साली हेच दाखवून दिले. एकाच फाट्यावर, काही मिलिमीटरच्या अंतरात, एकीकडे वाढ जास्त आणि दुसरीकडे अपुरी, असा हा पेच आहे. एका बाजूचा इलाज दुसऱ्या बाजूला मारक ठरू शकतो, म्हणून मला तो हृदयोपचारातील सर्वांत अवघड पेचांपैकी एक वाटतो.

ओसीटी तपासणीत हे प्रत्यक्ष दिसते. धमनीत बारीक कॅथेटर सरकवून, डाय सोडून रक्त काही सेकंद बाजूला सारतात आणि अवरक्त प्रकाशाने आतील चित्र घेतात. त्यातील बारकावा साधारण १० ते २० मायक्रॉनपर्यंतचा असतो. नुकत्याच बसवलेल्या स्टेंटची प्रत्येक तार पडद्यावर लखलखीत ठिपक्यासारखी दिसते आणि तिच्यामागे काळी सावली पडते, कारण प्रकाश धातूच्या पार जात नाही. काही महिन्यांनी तपासणी झाली तर त्या ठिपक्यांवर राखाडी, एकसारखी साय धरलेली दिसते. शाखेच्या तोंडाशी आले की चित्र बदलते. तेथे तारांना टेकायला भिंतच नसते. त्या प्रवाहात अधांतरी असतात, आणि त्यांच्यावर अस्तर धरायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

म्हणूनच शक्य असेल तेथे मुख्य वाहिनीत एकच स्टेंट घालून शाखेला गरज पडली तरच हात लावण्याकडे डॉक्टरांचा कल असतो. शाखाही मोठी आणि दूरपर्यंत आजारी असेल तर डीके क्रश किंवा क्युलॉटसारख्या पद्धतीने दोन स्टेंट घालावे लागतात. त्यात काही ठिकाणी धातूचे दोन-तीन थर एकावर एक येतात. फाट्याच्या अलीकडची वाहिनी पलीकडच्यापेक्षा जाड असते, त्यामुळे पलीकडच्या मापाचा स्टेंट अलीकडे सैल राहतो. तो भिंतीला नीट टेकावा म्हणून आखूड, मोठा फुगा फुगवतात, त्याला आम्ही पॉट म्हणतो. घाईच्या दिवशीही या एका पायरीला फाटा मिळू नये, असे मला मनापासून वाटते. नेमके माप घेण्याचे मोल २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'ऑक्टोबर' नावाच्या चाचणीत दिसले: गुंतागुंतीच्या फाट्यांच्या १,२०१ रुग्णांमध्ये दोन वर्षांत हृदयाशी संबंधित गंभीर घटनांचे प्रमाण ओसीटीच्या आधारे केलेल्या गटात १०.१ टक्के, तर केवळ अँजिओग्राफीवर केलेल्या गटात १४.१ टक्के होते.

उरलेले काम गोळ्यांचे. प्लेटलेट जमू नयेत म्हणून ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर स्थिर आजारात साधारण ६ महिने आणि हार्ट अटॅकनंतर साधारण १२ महिने दिले जाते. रक्तस्रावाचा धोका पाहून डॉक्टर हा काळ कमी-जास्त करतात. द्राक्षांची छाटणी आली, धावपळ वाढली, छातीतही आता काही होत नाही, म्हणून दुसरी गोळी आपणच बंद केली, असे सांगणारे रुग्ण फेरतपासणीला भेटतात, तेव्हा जीव कासावीस होतो. त्रास थांबला तो प्रवाह मोकळा झाल्यामुळे. तारा झाकल्या गेल्या की नाही, हे छातीला कळत नाही. दात काढायचा असला तरी आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. बहुतेक वेळा गोळी चालू ठेवूनही दात काढता येतो.

डिस्चार्जच्या वेळी आणखी एक गोष्ट मागून घ्यावी: अँजिओप्लास्टीची सीडी, आणि कोणत्या फाट्यावर, कोणत्या पद्धतीने, किती व्यासाचे व लांबीचे स्टेंट घातले हे लिहिलेला अहवाल. पुढे कधी मुंबईला किंवा दुसऱ्या रुग्णालयात जावे लागले, तर त्या जाळीतून पुन्हा वायर न्यायची कशी, हे तेथील डॉक्टर त्यावरून ठरवतात.