मुंबई ते नागपूर : एक तास पस्तीस मिनिटे

तिकिटावर मुंबई ते नागपूर हा प्रवास एक तास पस्तीस मिनिटांचा छापलेला असतो आणि दरवेळी तो आकडा वाचून मला थोडे हसू येते, कारण डोंबिवलीच्या घरातून निघून सहारच्या विमानतळापर्यंत पोहोचायलाच मला त्याहून अधिक वेळ लागतो.

नकाशावर पट्टी ठेवली तर या दोन शहरांत सुमारे 680 किलोमीटर अंतर भरते. रेल्वेने तेच 837 होते, कारण विदर्भ एक्सप्रेसला कसाऱ्याचा घाट चढून भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा अशी साऱ्यांची विचारपूस करत जावे लागते. विमानाला असा कोणताच नातेवाईक वाटेत नाही. ताशी आठशेच्या वेगाने हिशेब केला, तर पन्नास मिनिटांत काम व्हायला हवे. मग उरलेला पाऊण तास जातो कुठे?

तो बहुतांशी जमिनीवरच जातो. वेळापत्रकातली वेळ चाके हवेत उठल्यापासून नव्हे, तर विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून ते पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंत मोजतात. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरच भागवावे लागते. गेल्या खेपेला आमच्यापुढे आठ विमाने होती. खिडकीतून त्यांच्या शेपट्या मोजता येत होत्या आणि शेजारचे काका सातवी उडेपर्यंत घोरू लागले होते. शिवाय उड्डाण बहुधा पश्चिमेकडे होते, म्हणजे पूर्वेला नागपुरास निघालेला माणूस आधी जुहूचा किनारा ओलांडून अरबी समुद्र पाहून येतो आणि मग वळतो. हिवाळ्यात वरचा पश्चिमी वारा पाठीशी असल्यामुळे जाताना चार मिनिटे वाचतात, येताना तोच वारा ती वसूल करतो.

नागपूर देशाच्या मध्यावर आहे, हे शाळेत आम्हाला झिरो माईलचा खांब दाखवून शिकवले. मला मात्र 1949 साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालाचा पुरावा अधिक पटतो. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतत. चारही दिशांनी एका रात्रीत जाऊन येता येईल असे अंतर, ही मध्याची व्याख्या खांबापेक्षा खचितच कामाची आहे.

उतरल्यावर घड्याळ बदलावे लागत नाही, पण ऊन बदललेले असते. दोन्ही शहरांच्या रेखांशांत सहा अंशांहून थोडा अधिक फरक आहे आणि अंशाला चार मिनिटे धरली, तर नागपूरचा सूर्य पंचवीसेक मिनिटे पुढे चालतो. डिसेंबरात सहा वाजता उतरलो की मुंबईतला उजेड डोळ्यांत घेऊन मी थेट अंधारात पाऊल टाकतो.

आईचा या आकड्यांवर विश्वास नाही. "निघाला का रे?" असे ती मी घराबाहेर पडताना विचारते, विमानाच्या वेळेची चौकशीही करत नाही आणि तिथून बरोबर सहा तासांनी कुकर लावते. प्रतापनगरच्या घराचे फाटक मी उघडतो, तेव्हा साधारण दुसरी शिट्टी होत असते.