एक चित्रफीत, दोन मजकूर

बेळगावातील एका मराठी दैनिकाच्या डिजिटल विभागात मी काम करते. वाचकांकडून आलेल्या चित्रफिती तपासण्यात आमचा बहुतेक दिवस जातो, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते.

६ डिसेंबर २०२२ रोजी सीमाप्रश्न पुन्हा पेटला. महाराष्ट्राच्या दोन मंत्र्यांचा बेळगाव दौरा लांबणीवर पडला, हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगडफेक झाली आणि तिकडे पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासण्यात आले. दगडफेकीची खात्रीलायक छायाचित्रे आमच्या हाती होती. तरीही दुपारनंतर मराठी ग्रुपांवर फिरत राहिली ती निराळीच चित्रफीत. त्यात चारपाच जण एका ट्रकचालकाला मारत होते आणि खाली मजकूर होता, ‘मराठी आहे म्हणून मारले’.

व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फितीतून चित्रीकरणाची वेळ आणि ठिकाण यांची मूळ नोंद गळून गेलेली असते, त्यामुळे पुरावा चित्रातच शोधावा लागतो. मी ती थांबवून थांबवून पाहिली. नंबरप्लेट धूसर होती, पण रस्ता ओला होता, खड्ड्यांत पाणी होते आणि कडेचा ऊस जेमतेम कमरेइतका होता. आमच्याकडे डिसेंबरात गळीत हंगाम भरात असतो. ऊस एखाद्या वेळी उशिराच्या लावणीचा असू शकतो, म्हणून तेवढ्यावर न थांबता मी तीनचार स्थिरचित्रे काढून इंटरनेटवर शोधली, तेव्हा तीच फीत आधीच्या एका पावसाळ्यातल्या पोस्टमध्ये सापडली. तिचा भाषेशी काहीही संबंध नव्हता. गाडीला गाडी घासल्यावरून झालेली ती मारामारी होती. एव्हाना दोन पोर्टलांनी ती ‘थरारक’ म्हणून लावलीही होती. पहिले येण्याच्या या हव्यासाने सीमाभागाचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे भाषणांनीही केले नसेल, असे माझे ठाम मत आहे.

खरा धक्का त्यानंतर बसला. एका कन्नड दैनिकातील माझ्या मैत्रिणीने तपासण्यासाठी म्हणून नेमकी तीच फीत मला पाठवली. तिच्याकडे आलेल्या मजकुरात मार खाणारा कन्नडिग होता आणि मारणारे महाराष्ट्रातले. आम्ही दोघींनी मिळून खुलासा लिहिला आणि तो दोन्ही भाषांत प्रसिद्ध केला.

१ नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनादिनी, सीमाभागातली मराठी माणसे पाळतात त्या काळ्या दिनाच्या मूक सायकल फेरीत शेजारी कोणाची सायकल आहे, हे माणसाला दिसते. चळवळीच्या छापील पत्रकावरही मुद्रकाचे नाव असावे, असा तेव्हा कायदाच होता. त्या फितीवर केवळ ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ एवढी खूण होती. असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो, हे बंधन २०२० पासून आहे; पण ज्याला तो पाठवणे हे आपले कर्तव्य वाटते, तो वीस वेळा बोट दाबतो. ‘आपण’ कोण, हे तिथे ठरते ते आपल्याला कोणी मारले यावरून, आणि खुलाशात त्या ‘आपण’ला धरून ठेवणारे काहीच नसते.

आम्हाला फीत पाठवणारा तालुक्यातल्या एका गावचा पदवीचा विद्यार्थी होता. मी त्याला फोन करून सगळे समजावले. तो शांतपणे म्हणाला, “ही फीत खोटी असंल ओ मॅडम, पण टोलनाक्यावर आपल्या गाड्या फोडल्या ते खरंच की.” त्याचे म्हणणे मला खोडता आले नाही. तरीही त्याने आमचा खुलासा आपल्या गावच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. तू नेमका कोणाच्या बाजूचा, असे विचारून त्याला ग्रुपमधून काढून टाकले होते. त्या ग्रुपवर त्याचे चुलतभाऊ होते आणि गावच्या वाचनालयाचे कार्यकर्तेही. पुन्हा आत घ्यायला त्यांना काय सांगू, असे त्याने मला विचारले. माझ्याकडे पुरावे सगळे होते, पण त्या प्रश्नाचे उत्तर त्यांत नव्हते, आणि ते मला अजूनही सापडलेले नाही.