कांग यात्से-२ : बेस कॅम्पवरचा खोकला

लडाखमधलं स्टोक कांगरी शिखर २०२० मध्ये चढाईसाठी बंद झालं, त्यामुळे सहाहजारी शिखराची हौस असलेली आपली मंडळी आता कांग यात्से-२ कडे (६,२५० मीटर) वळतात. आम्हीही मारखा खोऱ्यातून गेलो. स्क्यू ते हंकर वाट सोपी, होमस्टेही चांगले. खरी परीक्षा त्यापुढे, सुमारे ५,००० मीटरवरच्या बेस कॅम्पला.

आमच्यातल्या एकाची रजा उशिरा मंजूर झाली. तो विमानाने लेहला उतरला (३,५०० मीटर), एक रात्र झोपला आणि गाडीने येऊन आम्हाला मारखा गावात गाठलं. सिंहगड धावत चढणारा गडी. बेस कॅम्पच्या चढावर मात्र तोच सगळ्यांच्या मागे. रात्री तंबूत कोरडा खोकला. "दादा, धुळीने घसा धरलाय, बाकी काही नाही." पण बसल्या जागी त्याला धाप लागत होती, वाक्य पुरं होईना. ऑक्सिमीटरवर आमचे आकडे ऐंशीच्या आसपास, त्याचा ६२. पाठीला कान लावला, तर उजवीकडे खाली प्रत्येक श्वासाला कानाजवळ केस चोळल्यासारखी बारीक चरचर.

गाइडने उजाडायची वाट पाहिली नाही. नळीने ऑक्सिजन, घोड्यावर बसवून थेट हंकर. चालवत नेलं नाही हे महत्त्वाचं, कारण श्रमाने हा त्रास, म्हणजे उंचीमुळे फुप्फुसात पाणी होणं, वाढतो. हजारेक मीटर उतरल्यावरच तो नीट बोलू लागला. पुढे लेहच्या रुग्णालयात एक्स-रेमध्ये फुप्फुसावर पांढरे डाग दिसले. ऑक्सिजन आणि विश्रांतीवर बरा झाला.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात, पण सगळ्या सारख्या नाहीत. ज्या कमी आकसतात तिथे रक्त जोराने घुसतं, केशवाहिन्या पाझरतात आणि वायुकोशांत पाणी साचतं. १९६२ च्या युद्धाच्या काळात मैदानातून थेट लडाखला आणलेल्या जवानांमध्ये लष्करी डॉक्टरांनी हेच पाहिलं होतं. ते जवान काय कमी तंदुरुस्त होते? दमसास चांगला असलेला उलट भरभर चढतो आणि लवकर अडकतो. कळसूबाई १,६४६ मीटर, तिथल्या सरावाने पाय तयार होतात, फुप्फुसं नाही.

विमानाने येणार असाल तर लेहमध्ये किमान तीन रात्री काढा, पहिल्या दिवशी बाजारातही फिरू नका. जमलं तर श्रीनगरहून कारगिलमार्गे (२,७०० मीटर) या. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. हंकर ते बेस कॅम्प एका दमात करू नका, मध्ये थाचुंगत्सेला थांबा. डायमॉक्सच्या गोळीने शरीर उंचीला लवकर रुळतं, पण फुप्फुसात पाणी होणारच नाही अशी हमी नाही. निफेडिपिन (फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांमधला दाब कमी करणारी गोळी) बरोबर असावी, डॉक्टरांना विचारूनच. त्रास साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, बहुधा रात्री उठतो. फेसाळ, गुलाबी थुंकी येईपर्यंत थांबलात तर फार उशीर झाला.

आणि एक. बेस कॅम्पजवळच्या निमालिंगला (४,८०० मीटर) कुणी आजारी पडला तर लेहची जवळची वाट कोंगमारू ला ही खिंड ओलांडून जाते, म्हणजे आधी चारशेएक मीटर चढ. अशा माणसाला तिकडून नेऊ नका. लांब पडलं तरी मारखाकडेच उतरवा, आणि घोडेवाल्याशी हे निघण्याआधीच बोलून ठेवा.