मोर हॉटर नाही, नुसतं हॉटर

अमळनेरला संध्याकाळी कॉलेजच्या मुलांना इंग्रजी शिकवते. मुलं बऱ्यापैकी बोलतात, पण तुलना आली की 'जळगाव इज मोर हॉटर दॅन तोरणमाळ' हे ठरलेलंच. मराठीत 'पेक्षा', 'सगळ्यात' जोडलं की भागतं, विशेषण जागचं हलत नाही. इंग्रजीत ते स्वतःच बदलतं: हॉट, हॉटर, हॉटेस्ट. लिहिताना टी दोनदा. 'मोर' लागतो तो ब्युटिफुल, एक्स्पेन्सिव्ह अशा लांब शब्दांना. दोन्ही एकदम कधीच नाही.

फळ्यावर मी नद्या घेते. 'तापी इज लाँगर दॅन गिरणा' कुणालाही जमतं. मग नर्मदा आणते. ती १३१२ किलोमीटर, तापी ७२४. 'नर्मदा इज द लाँगेस्ट ऑफ द थ्री.' हा 'द' मुलं हमखास गाळतात, आणि मी तिथे अडून बसते. तिघींतली नेमकी एक दाखवायची तर तो हवाच.

परवा एकीने विचारलं, "मॅडम, भरीत 'मोर गुड' का नाही?" गुड, बेटर, बेस्ट पाठच करायचं, बाई. जोर द्यायचा तर 'मच बेटर'. 'व्हेरी बेटर' चालत नाही. तिने लगेच वहीत लिहिलं, 'माय मदर्स भरीत इज मच बेटर दॅन माय आंट्स.'